पेसमेकर बसवलाय? मग वीत मोजायला शिका

बाबांना पेसमेकर बसवून आता दोन वर्षं झाली. डिस्चार्जच्या दिवशी हातात एक कार्ड आणि बारीक अक्षरातली इंग्रजी पुस्तिका ठेवली, पाच मिनिटांत सगळं सांगून झालं, आम्ही घरी आलो आणि मग खरा गोंधळ सुरू झाला. आत्याचा फोन, मोबाईल घरातच ठेवू नका. समोरचे काका म्हणाले पलीकडच्या बिल्डिंगवर टॉवर आहे, जागा बदला (कोथरूडात जागा बदला म्हणे, शर्ट बदलायचाय जसा काही). मावशीने येऊन मायक्रोवेव्हचा प्लगच काढून ठेवला. एकाने विचारलं, गुरुवारी लाइट गेली (आमच्या पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारीच जाते) तर पेसमेकर बंद पडतो का हो? आणि आमचे बाबा, जे आयुष्यात कशाला घाबरले नाहीत, ते आठवडाभर फ्रिजचं दार उघडायला आईला हाक मारत होते.

आणि त्या आठवड्यात त्यांचा मोबाईल कुठे होता माहितीये? शर्टाच्या डाव्या खिशात. तो पण मॅग्नेटवाल्या फ्लिप कव्हरमध्ये. बरोब्बर पेसमेकरच्या डोक्यावर! इतके सल्ले देणारे येऊन गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही पहिले तीन दिवस नाही आलं, आणि मी तर भोसरीत एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, हेच करतो रोज.

तर हे लिहितोय ते त्यासाठी. मी डॉक्टर नाही, तुमच्या पेसमेकरचं सेटिंग काय आहे ते तुमच्या डॉक्टरांनाच माहीत, त्यांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच खरं. पण घरात, गाडीत, बाजारात कुठली वस्तू किती लांब ठेवायची आणि कशाची उगाच भीती बाळगायची नाही हे मी पुस्तिका वाचून, डॉक्टरांचं डोकं खाऊन आणि टेप घेऊन घरभर फिरून जमवलंय.

आधी पेसमेकर गोंधळतो कसा ते बघा, नाहीतर अंतराचं गणित पटणार नाही. पेसमेकर म्हणजे कॉलरबोनच्या खाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कातडीखाली बसवलेली टायटॅनियमची छोटी डबी आणि तिच्यातून हृदयापर्यंत गेलेल्या एक किंवा दोन वायरी, त्यांना लीड म्हणतात. ही डबी नुसती ठोके देत बसत नाही, ती आधी कान लावून ऐकते. हृदयाने स्वतः ठोका दिला तर गप्प बसते, नाही दिला तर टिचकी मारते. आता हृदयाचा तो आवाज असतो काही मिलिव्होल्टचा, आपल्या प्लगात २३० व्होल्ट असतात, म्हणजे विचार करा किती बारीक कान आहे तो. बाहेरून एखादा सिग्नल लीडमध्ये शिरला तर त्याला वाटू शकतं की अरे हृदय स्वतःच चाललंय, आणि तो टिचकी मारायचं थांबतो. ज्यांचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवरच चालतं त्यांना अशा वेळी चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. दुसरं म्हणजे, त्याला कळतं की हा नुसता खरखराट आहे, मग तो ऐकणं सोडून ठरलेल्या स्पीडने ठोके देत बसतो, त्यात माणूस सेफ असतो फक्त धडधड जाणवू शकते.

तिसरी भानगड मॅग्नेटची. पेसमेकरमध्ये मुद्दाम मॅग्नेट ओळखणारा स्विच असतो. क्लिनिकमध्ये टेक्निशियन स्वतःच गोल वड्यासारखं, मध्ये भोक असलेलं मॅग्नेट छातीवर ठेवून चेक करतात. मॅग्नेट जवळ आलं की बहुतेक पेसमेकर ऐकणं बंद करून कंपनीप्रमाणे साधारण ८५ ते १०० च्या ठरावीक गतीने ठोके द्यायला लागतात, मॅग्नेट लांब गेलं की परत जसेच्या तसे. म्हणजे मॅग्नेट लागला आणि पेसमेकर जळाला असं काही नसतं. पण ज्यांना आयसीडी आहे, म्हणजे गरज पडली तर शॉक देणारं मशीन, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा: आयसीडीवर मॅग्नेट आला तर तो जवळ असेपर्यंत शॉक द्यायची सोय बंद होते. नेमकी तेव्हाच गरज पडली तर? म्हणून आयसीडीवाल्यांनी मॅग्नेटच्या बाबतीत जास्तच कडक राहायचं.

आता चांगली बातमी. आजकालच्या पेसमेकरमध्ये फिल्टर असतात, टायटॅनियमची डबी स्वतःच ढालीसारखी असते, आणि लीड बायपोलर असली, म्हणजे ऐकायची दोन्ही टोकं हृदयातच जवळजवळ असली, तर बाहेरचा कचरा फार कमी शिरतो. जुनी युनिपोलर असेल तर एक टोक हृदयात आणि दुसरं टोक म्हणजे ती डबी, मधलं सगळं अंतर अँटेनासारखं काम करतं, ती जास्त हळवी. तुमची कुठली आहे हे पुढच्या चेकअपला विचारून कार्डाच्या मागे लिहून ठेवा, आम्ही तसंच केलं.

आणि दुसरी चांगली बातमी म्हणजे अंतर. छोट्या मॅग्नेटचा जोर लांब गेलं की धपकन पडतो, अंतर दुप्पट केलं की जोर जवळजवळ आठवा हिस्सा राहतो. त्यामुळे बहुतेक सगळ्या गोष्टींना इलाज एकच, थोडं सरका. सेंटिमीटर बाबांच्या डोक्यात राहीनात म्हणून आम्ही वीत आणि हात धरले. वीत म्हणजे अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, साधारण आठ-नऊ इंच. पुस्तिकेत जिथे १५ सेंमी लिहिलंय तिथे एक वीत, जिथे ३० लिहिलंय तिथे एक हात (कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, दीड फूट), आणि जिथे ६० लिहिलंय तिथे दीड हात. प्रत्येक ठिकाणी थोडं जास्तच अंतर पडतं, ते चांगलंच आहे.

मोबाईलपासून सुरुवात करू. मोबाईल वापरायचा, बिनधास्त वापरायचा, फक्त छातीपासून एक वीत लांब. पेसमेकर डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला लावायचा आणि ठेवायचा पँटच्या खिशात नाहीतर पिशवीत. शर्टाचा खिसा कायमचा बंद. आम्ही तर बाबांच्या सगळ्या शर्टांचे खिसे शिवूनच टाकले, कारण चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच जातो. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे कारण डॉक्टर पण लाजून बोलत नाहीत, मोबाईल किंवा छोटी पर्स ब्लाउजमध्ये ठेवायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. आणि काखेत दाबून धरायची पर्स असेल तर तिचं बटण मॅग्नेटचं आहे का बघा.

लोक घाबरतात फोनच्या लहरींना, पण माझ्या मते आजच्या फोनमध्ये लहरींपेक्षा मॅग्नेट जास्त बघण्यासारखा आहे. फोरजीवर फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास पाठवतो, तेही नेटवर्क खराब असेल तेव्हा, लिफ्टमध्ये, बेसमेंट पार्किंगमध्ये. पण २०२० मध्ये आयफोन १२ आला तेव्हापासून त्याच्या पाठीत मॅग्नेटचं कडं असतं, आणि २०२१ च्या सुरुवातीलाच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की तो फोन छातीवर आयसीडीच्या जागी धरला की शॉकची सोय थांबते. ॲपल स्वतःच सांगतं की फोन १५ सेंमीपेक्षा लांब ठेवा आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमीपेक्षा लांब, म्हणजे आपल्या भाषेत वीत आणि हात. अँड्रॉइडवाल्यांनी हसू नये, तुमच्या फोनला नसेल पण कव्हरला, गाडीतल्या होल्डरला, मागे चिकटवायच्या रिंगला मॅग्नेट असतोच.

मॅग्नेटची यादी काढायला बसलो तर बाबा म्हणाले, अरे हे घर आहे का मॅग्नेटचं दुकान. इअरफोनमध्ये असतो, लहान दिसतो पण जोरदार असतो, म्हणून कानात असला तर काही नाही, पण गळ्यात लोंबकळत छातीवर नको आणि खिशात नको. इअरबड्सची डबी पण तशीच. टॅबलेटच्या कव्हरमध्ये असतो, आमचे बाबा दुपारी आडवे पडून टॅबवर पेपर वाचतात आणि टॅब छातीवर ठेवून तसेच घोरायला लागतात, हे आम्ही बंद केलं, म्हणजे घोरणं नाही, टॅब. लॅपटॉप पण छातीवर घेऊन लोळायचं नाही, झाकणात मॅग्नेट असतो. ऑफिसमध्ये शर्टाला लावायची नावाची पट्टी हल्ली पिनऐवजी मॅग्नेटने लागते, साडीची आणि शालीची पिन पण मॅग्नेटवाली मिळते, ती नको, साधी सेफ्टीपिन झिंदाबाद. नातवंडांचे मॅग्नेटवाले ब्लॉक आजोबांच्या अंगावर चढवायचे नाहीत. आणि ते मॅग्नेटवाल्या गाद्या, मॅग्नेटचे पट्टे, ब्रेसलेट, गळ्यातल्या माळा विकणारे सोसायटीत येतात ना, ‘रक्ताभिसरण सुधारतं काका’ म्हणत, त्यांना पेसमेकरचं कार्ड दाखवा आणि लिफ्टपर्यंत सोडून या. गादीवर तर माणूस आठ तास झोपतो, तेही छाती टेकून.

टॉवरचं म्हणाल तर रस्त्यावरून किंवा समोरच्या बिल्डिंगमधून काही होत नाही, अँटेना लावलेल्या गच्चीवर जाऊन तिच्यापुढे उभं राहायचं काही कारण नाही एवढंच. वायफाय राउटर एक वीत लांब असला की झालं. टीव्ही, रिमोट, फ्रिज, पंखा, एसी, इस्त्री, टोस्टर नेहमीसारखं वापरा. मायक्रोवेव्हवर ‘पेसमेकर असेल तर जवळ येऊ नका’ अशा पाट्या पूर्वी असायच्या, तेव्हाच्या पेसमेकरना आजच्यासारखं संरक्षण नव्हतं, त्या पाट्यांची भीती मात्र अजून टिकून आहे. दार नीट लागत असेल, वाकलं-तुटलं नसेल तर खुशाल वापरा, आमच्या मावशीने काढलेला प्लग परत लावलाय. मिक्सर, हेअर ड्रायर, ड्रिल, शिलाई मशीनची मोटर, इलेक्ट्रिक शेव्हर, मोटर असलेल्या हातातल्या सगळ्या वस्तू एक वीत लांब. मिक्सरचं झाकण दाबताना लोक पूर्ण अंगानेच त्याच्यावर ओणवे होतात, तेवढं टाळायचं, हात लांब करून दाबा.

स्वयंपाकघरात जिला मी खरंच मान देतो ती इंडक्शन शेगडी. तिच्या पोटात कॉइल असते आणि ती भांड्यात करंट खेळवूनच भांडं तापवते, म्हणजे जोरदार बदलतं मॅग्नेटिक फील्ड हेच तिचं काम. पेसमेकर कंपन्या दोन फूट अंतर सांगतात, म्हणजे दीड हात. आता ओट्यावर उभं राहून फोडणी घालताना छाती शेगडीपासून दोन फूट राहते का? टेप लावून बघा, सरळ उभं राहिलं तर जेमतेम राहते, वाकून बघितलं की संपलं. आमच्याकडे पर्याय होता म्हणून सरळ बाबांसाठी गॅस, आणि इंडक्शन फक्त आई वापरेल, असं ठरवलं. तुमच्याकडे इंडक्शनच असेल, भाड्याच्या फ्लॅटमध्ये असतं बऱ्याचदा, तर शेगडी ओट्यावर भिंतीकडे मागे सरकवा, भांडं कॉइलच्या मापाचं घ्या आणि बरोबर मध्यभागी ठेवा कारण छोटं किंवा बाजूला सरकलेलं भांडं असलं की फील्ड जास्त बाहेर सांडतं, स्टीलचा डाव भांड्यात धरून हलवत उभं राहण्यापेक्षा लाकडी उलथनं घ्या, आणि उकळी बघायला वाकायचं असेल तर आधी बटण बंद. युनिपोलर लीड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंडक्शन नकोच.

आता माझा विषय, अर्थिंग. हे कुठल्याच व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये नसतं आणि पुण्यातल्या जुन्या घरांत तर हाच सगळ्यात मोठा चोर आहे. पेठांमधले वाडे, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्या, बाहेरून रंग नवीन पण आत वायरिंग तेच, तीन पिनांचा सॉकेट दिसतो पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. मग काय होतं की वॉशिंग मशीन, फ्रिज, गिझर यांच्या बॉडीवर थोडा लीकेज करंट येतो, त्याला जमिनीत जायला वाट नसते, तुम्ही ओल्या हाताने, अनवाणी पायाने बॉडीला हात लावला की तो तुमच्यातून जातो, हातातून छातीतून पायात. तुम्हाला जेमतेम झिणझिण्या येतात आणि आपण म्हणतो, जरासा करंट मारतोय, चालायचंच. पण पेसमेकरला सेकंदाला ५० वेळा हलणारा सिग्नल थेट शरीरातून ऐकू येतो, इथे अंतराचा नियम चालतच नाही कारण करंट बाहेरून नाही तर तुमच्या आतून चाललाय. तो गप्प बसू शकतो. आयसीडी असेल तर त्याला ती हृदयाची भयंकर धावपळ वाटून विनाकारण शॉक पण बसू शकतो.

म्हणून पेसमेकर घरी आला की पहिल्या आठवड्यात लायसन असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि प्रत्येक तीन पिनी सॉकेट तपासून घ्या. मल्टिमीटरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास येतं, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडं, दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये १०० वगैरे काहीतरी अधांतरी आकडा दिसला तर समजायचं अर्थिंग नुसतं नावाला आहे. हे ज्याला मल्टिमीटर धरता येतो त्यानेच करायचं, उगाच तपकीर गल्लीतून मीटर आणून प्रयोग नकोत. आणि एक जुगाड काही लोक करून देतात, सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात, मीटरवर आकडा झकास दिसतो, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की अख्ख्या फ्रिजच्या बॉडीवर २३० व्होल्ट. असं कोणी सुचवलं तर चहा पाजून परत पाठवा.

३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, बोर्डात बसवा, काही जण तिला ईएलसीबीच म्हणतात, आणि तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघा. पण ती बसवली म्हणजे अर्थिंग नको असं नाही हं, ती मोठी गळती झाल्यावर पडते, दोन-पाच मिलिअँपची गळती ती निवांत चालू देते, आणि पेसमेकरला तेवढीही नको असते. ती गळती जमिनीत नेणार कोण, तर अर्थिंग. गिझरचं बटण आंघोळीच्या आधी बंद करायची जुनी सवय आपल्याकडे आहेच, ती सोडू नका. कुठलीही वस्तू झिणझिण्या देत असेल तर दुरुस्त होईपर्यंत पेसमेकरवाल्या माणसाने तिला हात लावायचा नाही, बस. मेटल बॉडीच्या लॅपटॉपवर दोन पिनी चार्जर लावला की मनगटाला अशीच झिणझिण जाणवते, तीन पिनी कॉर्ड लावा, जाते. आमच्याकडे वॉशिंग मशीनच्या सॉकेटला अर्थ नव्हता, एकवीस वर्षं नव्हता, आणि मी इलेक्ट्रिशियन! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

इन्व्हर्टर आणि यूपीएस एक हात लांब, त्याच्यावर रेलून पेपर वाचत बसायचं नाही. आणि हो, पेसमेकर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतो, लाइट गेली तरी त्याला काही नसतं, गुरुवारसाठी वेगळी तयारी नको. सोसायटीचा जनरेटर आणि रस्त्याकडेचा डीपी, याला टेकून ज्येष्ठ मंडळींचा संध्याकाळचा कट्टा भरतो बऱ्याच ठिकाणी, कट्टा चार पावलं पलीकडे न्या, तिथे डास पण कमी असतील.

गाडीचं. स्कूटर, कार चालवायला डॉक्टरांनी परवानगी दिली की इंजिनाचं काही टेन्शन नाही. फक्त बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवून आत डोकं घालायची हौस असेल तर स्पार्क प्लग, इग्निशनपासून एक हात लांब, किंवा सरळ इंजिन बंद करा. इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल बाबांचा मित्र फार घाबरवत होता, तर जर्मनीत पेसमेकर आणि आयसीडीवाल्या १३० जणांना घेऊन फास्ट चार्जरवर चार्जिंग करून बघितलं, २०२३ मध्ये ते छापून आलं, एकाच्याही मशीनमध्ये गडबड झाली नाही. तरी चार्जिंगची केबल खांद्यावर टाकून उभं राहायचं नाही आणि प्लग लावला की चार्जरशेजारी टेकून गप्पा मारायच्या नाहीत, काम झालं की बाजूला. रिक्षात कात्रजच्या खड्ड्यांतून जाताना ठोके थोडे वाढल्यासारखे वाटले तर ते इंटरफिअरन्स नाही, काही पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, त्याला वाटतं तुम्ही भराभर चालताय. खड्डा त्याला कसा कळणार बिचाऱ्याला.

वेल्डिंग. भोसरी-चाकणला फॅब्रिकेशनमध्ये काम करणारे पेसमेकरवाले आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना ‘मी वेल्डिंग करतो’ हे स्पष्ट सांगायचं, सेटिंग त्याप्रमाणे बघता येतं. साधारण १३० अँपच्या आत आणि आर्कपासून दोन फूट छाती लांब, असं काही कंपन्या सांगतात, त्याच्यावरचा करंट असेल तर कामच बदलून घ्या. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँप लागतातच म्हणजे आपण काठावरच असतो, हे लक्षात ठेवा. दोन्ही केबल एकत्र जवळजवळ ठेवायच्या, गळ्यात-खांद्यावर घ्यायच्या नाहीत, अर्थचा क्लॅम्प जॉबच्या जागेजवळ लावायचा, ओल्यात काम नाही, ठिणगी-ठिणगी सलग टाके मारत बसायचं नाही आणि एकट्याने करायचं नाही. नुसतं गेटचं काम बघायला बाहेर उभे असाल तर दहा फुटांवरून बघा, काही होत नाही, डोळ्यांचं तेवढं सांभाळा.

बाहेर पडल्यावर चौकटी लागतात. मॉल, मेट्रो स्टेशन, लोहगाव विमानतळ, गणपतीत मोठ्या मंडळांपुढे. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून नेहमीच्या चालीने सरळ जायचं, थांबायचं नाही, चौकटीला टेकायचं नाही. यंत्र वाजू शकतं, आत धातू आहे ना. मग कार्ड दाखवायचं आणि सांगायचं, पेसमेकर आहे, हातातलं यंत्र छातीवर धरू नका, हाताने तपासा. बहुतेक वेळा ते नुसते पुढे जा म्हणतात. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा पण मूळ कार्ड पाकिटात पाहिजेच. गणपतीच्या रांगेत अडचण अशी की रांग हलत नाही आणि नेमकं चौकटीतच तुम्ही दहा मिनिटं अडकता, तेव्हा चौकटीच्या आधीच थांबा आणि पुढे जागा झाली की मग पार करा, मागचे ढकलतील, ढकलू देत, बोला त्यांना. कपड्यांच्या मोठ्या दुकानांत दाराशी चोरी पकडायचे दोन खांब असतात, तिथे उभं राहून बायको बिल तपासेपर्यंत वाट बघायची नाही, खांबाच्या आत तरी थांबा नाहीतर पार बाहेर. आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीपाशी जायचं नाही, त्या स्पीकरमध्ये बशीएवढे मॅग्नेट असतात. खरं तर पेसमेकर नसला तरी जाऊ नका, पण ते जाऊ दे.

आता सगळ्यात चिडचिड होते ती जागा, दवाखाने. हो, जिथे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे तिथेच विचारत नाहीत. बाबांची मान धरली म्हणून फिजिओकडे नेलं, फॉर्मवर पेसमेकरचा रकानाच नव्हता, आणि तो मुलगा डायथर्मीचं पॅड घेऊन आला पण. डायथर्मी म्हणजे लहरींनी आतून शेकणं, ती पेसमेकर असेल तर अजिबात नाही, खांद्याला नाही, गुडघ्याला पण नाही. टेन्सचं मशीन, ते झटके देणारं, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दाताच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधी सांगायचं. कुठलंही ऑपरेशन असो, मोतीबिंदूचं का असेना, सर्जनना आणि भूल देणाऱ्यांना दोघांनाही सांगायचं कारण कॉटरी वापरतात, रक्त थांबवायचं ते करंटचं यंत्र, आणि त्याआधी पेसमेकरचं सेटिंग बदलायला लागू शकतं. रेडिएशन, किडनी स्टोन फोडायची मशीन, सगळीकडे आधी सांगा. एक्स-रे, सोनोग्राफी, ईसीजी याला हरकत नाही, तरी सांगायचं. एमआरआयचं मात्र असं आहे की एमआरआय चालणारे पेसमेकर हल्ली मिळतात, पण डबी आणि लीड दोन्ही त्या प्रकारच्या पाहिजेत आणि स्कॅनच्या आधी-नंतर सेटिंग बदलायला माणूस हजर पाहिजे, म्हणून ‘आमचा एमआरआयवाला आहे’ एवढ्यावर मशीनमध्ये झोपू नका, कार्ड दाखवून लेखी परवानगी घ्या.

आणि ते सकाळी बागेबाहेर टेबल टाकून ‘फ्री बॉडी चेकअप’ करतात ना, दोन हातांत यंत्र धरायला देऊन फॅट किती ते सांगतात, जिममध्ये पण तसा वजनकाटा असतो, ते अंगातून बारीक करंट सोडूनच मोजतात. पेसमेकरवाल्यांसाठी ते नाही. बाबांचं फॅट किती आहे ते आईला यंत्राशिवाय माहीत आहे.

कधी एखाद्या वस्तूजवळ असताना चक्कर, अंधारी, धडधड, काहीतरी विचित्र वाटलं तर घाबरून तिथेच उभं राहू नका, आधी लांब सरका किंवा वस्तू बंद करायला सांगा, खाली बसा, मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. लांब गेल्यावर बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं. नाही आलं, माणूस बेशुद्ध पडला, छातीत दुखलं किंवा आयसीडीने शॉक दिला तर १०८ आणि हॉस्पिटल, फॉरवर्ड वाचत बसायचं नाही. बरं वाटलं तरी तारीख, वेळ आणि कशाजवळ होतात ते वहीत लिहा. कारण पेसमेकर स्वतःही बऱ्याच घटना नोंदवून ठेवतो, चेकअपला टेक्निशियन ती नोंद उघडतात आणि त्यात खरखराट दिसला की तुमच्या वहीतल्या वेळेशी जुळवून चोर पकडता येतो.

आमचा चेकअप पुढच्या गुरुवारी आहे. विचारायचे प्रश्न बाबांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत: लीड कुठली हे कार्डावर छापून मिळेल का, माझं हृदय पूर्ण पेसमेकरवर आहे की थोडं स्वतःही चालतं, गेल्या सहा महिन्यांत खरखराटाची नोंद आहे का, बॅटरी किती राहिली. आणि सगळ्यात खाली पेन्सिलने, मला दिसू नये अशा बारीक अक्षरात: इंडक्शनवर स्वतःचा चहा केला तर चालेल का.